काझी सरांचे चार पुठ्ठे

एकवीस ऑगस्ट २००७, मंगळवार, दुपारची वेळ. रक्कम अकरा हजार रुपये. जागा प्राचार्यांची खोली. हजर: प्राचार्य, ग्रंथपाल काझी सर, कवी धनंजय मास्तरांच्या पत्नी इंदूबाई आणि कॉलेजचा लेखापाल म्हणून मी. चहा मात्र पाच कप आला. एक कप जास्त कसा, याची मी चौकशी केली, तर तो शिपायानं स्वतःसाठी मागवला होता. एवढ्या मोठ्या प्रसंगी माझं लक्ष कुठे होतं, हे यावरून कळावं.

प्रसंग मोठा होता हे मला नंतर समजलं. धनंजय मास्तर साखरखेर्ड्याकडच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेवर होते. निवृत्तीनंतर त्यांनी शेती केली आणि कविता तर जन्मभर केल्या. दोन लहान संग्रह निघाले होते, बाकी सगळं घरात. जुलैत ते गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी काझी सर त्यांच्या घरी जाऊन बसले आणि तिथून येऊन प्राचार्यांच्या खोलीत बसले, ते कागद विकत घ्यायला होकार मिळेपर्यंत उठले नाहीत.

इंदूबाईंनी दोन पत्र्याच्या पेट्या आणल्या होत्या. अकरा हजार नेमके कशाचे जाताहेत हे पाहायला मी एक पेटी उघडली. वर चार-पाच वह्या होत्या, त्या ठीक होत्या. खाली लग्नपत्रिका, मुलांचे तपासलेले पेपर, विजेची बिलं, खताच्या दुकानाची पत्रकं. प्रत्येकाच्या कोऱ्या बाजूला कविता. आणि तळाशी बीटी कपाशीच्या बियाण्याची खोकी, उकलून सपाट केलेली. एका बाजूला फुटलेल्या बोंडाचं रंगीत चित्र, दुसऱ्या बाजूच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर निळ्या बॉलपेनची कविता.

"सर, हा तर कचरा आहे," मी हळूच म्हणालो.

काझी सरांनी हळू आवाजाला कधी हळू उत्तर दिलं नाही. "हिशेबनीस, तुमच्या कपाटात कोरे कागद रिमनं आहेत. त्यांवर आजपर्यंत काय लिहिलंत?"

मी त्यांवर 'मागील पानावरून पुढे' एवढंच लिहीत आलो होतो.

पैसे दिले गेले. ते कोणत्या खात्यात टाकावेत याचा मी तीन दिवस विचार केला. पुस्तकं म्हणावीत तर बांधणी नाही. फर्निचर म्हणावं तर पेट्या इंदूबाई परत घेऊन गेल्या होत्या. शेवटी मी ते 'स्टेशनरी' खात्यात टाकले. मार्चनंतर ऑडिटर आले, त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "वापरलेली स्टेशनरी घेतली? तीही अकरा हजारांची?" काझी सर शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "साहेब, ती वापरली म्हणूनच घेतली." ऑडिटरनं पुढचं पान उलटलं.

काझी सर मूळचे देऊळगाव राजाचे. वडील तिथे वह्या आणि धर्मग्रंथ बांधून द्यायचे. सर उंच, किडकिडीत. मे महिन्यातही पांढऱ्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटण लावून. कॉलेजात शुद्ध मराठी बोलत, पण फार चिडले किंवा फार खूश झाले की वऱ्हाडीवर येत. दोन्हींपैकी कोणतं झालं आहे हे कळायला आम्हाला बारा वर्षं लागली.

मास्तरांचे कागद त्यांनी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत ठेवले. पूर्वी तिथं व्हॉलीबॉलची जाळी आणि फाटक्या गाद्या असायच्या. खोली चुन्यानं पांढरी केली, कपाटांत कडुनिंबाचा पाला घातला आणि दारावर स्वतःच्या अक्षरात सूचना लावली: 'हात धुवावेत. कपाटाला टेकू नये. एकही कागद या खोलीबाहेर जाणार नाही.' शेवटचं वाक्य लाल शाईत. झेरॉक्सलाही परवानगी नव्हती. त्या उजेडानं शाई उडते असं ते म्हणत. हे खरं की खोटं, मला अजून माहीत नाही. विचारायची हिंमत कोणालाच झाली नाही, म्हणून ते खरं धरलं गेलं.

खोलीच्या दाराशी गेलं की काझी सर नमस्काराच्या आधी एक शब्द म्हणत: "हात."

मग माणसानं दोन्ही हात पुढे करायचे. सर ते उलटेसुलटे बघत, तंबाखूचा संशय आला तर वास घेत, आणि दहातल्या नऊ जणांना बाहेरच्या नळावर पाठवत. नळाला साबणाची वडी काथ्याच्या दोरीनं टांगलेली असे. साबणाचं बिल माझ्याकडे येई. एकदा मी विचारलं, "सर, महिन्याला चार वड्या? माझ्या घरात पाच माणसांना दोन पुरतात."

"मग तुमच्या घरी एखादा कागद ठेवायला दिला नाही, ते बरंच केलं," ते म्हणाले.

प्राचार्यांनाही सूट नव्हती. स्नेहसंमेलनाच्या भाषणासाठी त्यांना मास्तरांची एक वही रात्रभर घरी न्यायची होती. काझी सरांनी नम्रपणे सांगितलं, "सर, आपणच या. मी खुर्ची पुसून ठेवतो." प्राचार्य आले. हात दाखवले, धुतले, पुन्हा दाखवले आणि पोरासारखे मांडीवर हात ठेवून बसले. सर पानं उलटत होते, प्राचार्य वाचत होते. मी काहीतरी सही घ्यायला गेलो, तर प्राचार्यांनी मला डोळ्यांनीच परत जायला सांगितलं. त्यांना पेनला हात लावायची परवानगी नव्हती.

पुण्याहून एक प्राध्यापक आले होते, कवितेवर लिहिणारे, नाव असलेले. पान खाऊन आले होते. सरांनी त्यांना नळावर पाठवलं आणि चूळही भरायला लावली. परत आल्यावर प्राध्यापक हसून म्हणाले, "तुमच्या भागातली भाषा फार रांगडी आहे हो. आत्ता नळावर एका मुलानं मला 'सरका ना बे' म्हटलं."

"त्यानं तुम्हाला ओळखलं नसेल," काझी सर म्हणाले. "ओळखलं असतं तर 'काऊन उभा राह्यला बे' म्हणाला असता."

प्राध्यापक तासभर बसले. बियाण्याचे पुठ्ठे पाहून हरखले. एक पुठ्ठा बोटानं दाखवून म्हणाले, "आणि ह्याच्या मागच्या बाजूला हे काय छापलंय?"

"ती पुढची बाजू आहे," सर म्हणाले.

प्राध्यापकांना ते लागलं की नाही माहीत नाही. मला मात्र लागलं नव्हतं. माझी डोणगावला तीन एकर जमीन आहे आणि त्या साली मीही तीत बीटीच लावली होती. बियाण्याच्या खोक्याला दोन बाजू असतात आणि पहिली कोणती हा कोणासाठी तरी पोटापाण्याचा प्रश्न असतो, हे मला नोव्हेंबरात इंदूबाई आल्या तेव्हा समजलं.

त्या आल्या तेव्हा मी साबणाचा साठा मोजायला योगायोगानं तिथेच होतो. योगायोगानं म्हणजे महिन्यातून दोनदा मी जायचोच. दारात सर सवयीनं म्हणाले, "हात."

इंदूबाईंनी दोन्ही हात पुढे केले. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या काड्यांचे ओरखडे होते. "पाहा सर. यंदा कापूस लागला असता, तर काही चिकटलेलं दिसलं असतं."

सरांनी मान खाली घातली आणि त्यांना खुर्ची दिली.

"मास्तरच्या कागदांतले ते चार पुठ्ठे मले वापस पाहिजेत," इंदूबाई म्हणाल्या. "बियाच्या बॅगांचे. यंदाचे."

"ते चार?" सरांचा आवाज एकदम बदलला. संग्रहातल्या त्या शेवटच्या चार कविता होत्या. मास्तरांनी त्या जूनमध्ये, सरकी लावली त्याच आठवड्यात लिहिल्या आणि त्यानंतर काही लिहिलं नाही. ते चार पुठ्ठे सरांनी कपाटात वेगळ्या खणात, मलमलच्या कपड्यात ठेवले होते.

"कविता तुमाले राहू द्या. मले समोरची बाजू पाहिजे. बोंडाचं चित्र हाये ना, त्याच्याखालचा नंबर."

मग सगळं कळलं. चार एकरांतली त्यांची कपाशी डोक्याएवढी वाढली होती, पण बोंडं धरली नव्हती. धरली ती नखाएवढी, आणि तीही गळून गेली. बियाणंच भेसळीचं होतं असा त्यांचा संशय होता. त्यांनी तालुक्याच्या कृषी कार्यालयात तक्रार दिली. लोक येऊन शेत पाहून गेले. पण बियाण्याच्या तक्रारीत पहिला प्रश्न लॉट नंबरचा असतो, म्हणजे ते बियाणं कोणत्या खेपेचं याचा. दुकानदारानं बिलावर तो लिहिलाच नव्हता. नंबर होता तो खोक्यांवर. आणि खोकी आमच्या कॉलेजनं, माझ्या सहीनं, स्टेशनरी म्हणून विकत घेतली होती.

"खोकी जपून ठेवायची असतात, इंदूबाई," मी शहाणपणानं म्हणालो.

"ठेवलीच होती की," त्या म्हणाल्या. "त्यायनं कविता लिवल्या म्हणून तर जपली. नाही तर चुलीत गेली असती. त्या माणसानं घरात एक कामाचा कागद कामाले राहू दिला नाही. राशन कार्डाच्या मागं बी लिवलं होतं. दुकानदार पहिले कविता वाचे, मंग साखर देई."

सर हसले नाहीत. "भरपाई नाही मिळाली तर?"

"तर पुढच्या साली बियाले पैसा नाही. दीर म्हणून राह्यला, वावर मले बटईनं दे, अर्ध्या वाट्यानं. एकदा दिलं की ते वावर माझं राहत नाही, हे त्यालेही माहीत हाये अन् मलेही."

काझी सरांनी उठून कपाट उघडलं. मलमलच्या पुडीवर हात ठेवला. मग कपाट पुन्हा बंद केलं. "मला आठ दिवस द्या, बाई."

"घ्या आठ दिवस. पण सुनावणी पंधरा दिवसांनी हाये."

त्या आठ दिवसांत काझी सर माणसात नव्हते. प्राचार्यांकडे गेले, तर प्राचार्य म्हणाले, "नियम तुमचा. लाल शाई तुमची. मी कशाला मोडू?" यात त्या वहीचा थोडा सूड होता असं मला वाटतं. सर स्वतःशी पुटपुटत व्हरांड्यात फिरत. नुसता नंबर लिहून, कॉलेजचा शिक्का मारून द्यावा, असं त्यांनी कृषी कार्यालयाला फोनवर सुचवलं. तिकडून उत्तर आलं, मूळ खोकंच लागेल.

इथे मला उपाय सुचला. माझ्या आयुष्यात मला सुचलेल्या उपायांपैकी हा सर्वात हुशारीचा होता, म्हणून सविस्तर सांगतो. पुठ्ठ्याला पदर असतात. वाफेवर धरला तर पदर सुटतात. पुढचा पदर इंदूबाईंना द्यायचा, मागचा संग्रहात ठेवायचा. दोन्ही बाजू मूळच. मी ही योजना कागदावर आकृती काढून सरांना दाखवली. सरांनी आकृती पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आधी दुसऱ्या कशावर तरी करून दाखवा."

माझ्या घरी त्याच कंपनीचं एक खोकं होतं. बायकोनं त्यात शिवणकामाचे रीळ ठेवले होते. रीळ मी टेबलावर ओतले, खोकं उकललं, दुधाच्या पातेल्यावर धरलं. पदर सुटले नाहीत, सुजले. मग मला वाटलं, वाफ कमी पडतेय, म्हणून ओला फडका ठेवून इस्त्री फिरवली. तेव्हा मात्र पुढचा पदर खरोखरच सुटला, पण तो इस्त्रीलाच चिकटला. मी खरवडून काढला आणि इस्त्री जागेवर ठेवून दिली. सकाळी बायकोनं भाच्याच्या लग्नासाठी काढलेल्या साडीवर तीच इस्त्री फिरवली. मोतिया साडी होती. पदरावर कपाशीचं बोंड उमटलं, उलटं, पण ओळखू येण्याजोगं.

"अहो, आता हे नेसून मी मांडवात जाऊ?" ती म्हणाली. "बायका विचारतील, वहिनी, कोणती व्हरायटी हाय? एकरी किती निघते?"

मी सांगितलं की हे कवितेसाठी झालं.

"त्या मास्तरनं पुठ्ठ्यावर केली, तुमी माझ्या साडीवर. त्याच्या बायकोले तरी अकरा हजार भेटले."

हे मी काझी सरांना सांगितलं, तेव्हा आठ दिवसांत ते पहिल्यांदा हसले. चांगलेच हसले, आणि वऱ्हाडीवर आले. "साडी आणा बे हिशेबनीस! कपाटात खण रिकामा हाये!" मग एकाएकी थांबले. रुमालानं डोळे पुसले. "फाडायचं नाही. वेगळं करायचं नाही. दोन्ही बाजू एकाच माणसाच्या घरातल्या आहेत."

सुनावणीच्या दिवशी सकाळी त्यांनी एक कुलपाची पेटी आणली, तिला आतून मलमल लावलं, कडुनिंबाचा पाला घातला, चार पुठ्ठे ठेवले आणि कुलूप लावलं. मी म्हणालो, "सर, नियम? कागद खोलीबाहेर चाललाय."

"ही पेटी म्हणजेच खोली," ते म्हणाले. "मी दार आहे."

मी कॉलेजचा प्रतिनिधी म्हणून बरोबर गेलो. म्हणजे आमचे जेवणाचे डबे मी धरले होते.

कृषी कार्यालयात एका लांब टेबलामागे तक्रार समितीचे साहेब, त्यांचा लिपिक आणि बाजूला कंपनीचा माणूस होता. टाय लावलेला, आणि समोर भज्यांची बशी. इंदूबाई भिंतीशी बाकावर. सरांनी पेटी उघडली. कंपनीच्या माणसानं हात पुढे केला.

"हात," काझी सर म्हणाले.

"काय?"

"हात दाखवा. तेल आहे. बाहेर नळ असेल."

कंपनीच्या माणसानं साहेबांकडे पाहिलं. साहेब तरुण होते. त्यांनी स्वतःचे हात टेबलाखाली नेऊन रुमालानं पुसलेले मी पाहिले. "जा ना, धुऊन या," ते म्हणाले. "त्यांची वस्तू आहे."

नंबर पाहिले गेले. चारही एकाच लॉटचे निघाले, लिपिकानं लिहून घेतले. सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात कंपनीच्या माणसानं पुठ्ठा उलटा केला आणि त्याचा चेहरा खुलला. "साहेब, याच्यावर तर लिहिलंय. खोक्यात फेरफार आहे. हा पुरावा चालणार नाही."

इंदूबाई बाकावरून उठल्या. मी मनात हिशेब केला: मास्तरांनी कविता लिहिली नसती, तर खोकं चुलीत गेलं असतं, लिहिली म्हणून आता बाद होत होतं. दोन्ही बाजूंनी बाकी शून्य.

"काय लिहिलंय ते वाचा," साहेब म्हणाले.

काझी सर उभे राहिले. चष्मा घातला. भाषणाचा आवाज न काढता, यादी वाचावी तसं वाचलं:

"ती पुढे सरकी लावते,
एका जागी एकच दाणा, महाग आहे म्हणून.
मी मागून शब्द टाकतो,
एका जागी दहा, फुकट आहेत म्हणून.
उगवल्यावर पाहू
कोणाचं शेत दाट, कोणाचं विरळ."

खाली तारीख होती, जूनची. लिपिकाचं पेन थांबलं होतं.

"एक दाणा कुठं!" इंदूबाई म्हणाल्या. "दोन-दोन लावले मी. बांधाकडं तर तीन. एवढं तरी खरं लिवावं का नाही माणसानं!"

कंपनीच्या माणसानं टेबलावर थाप मारली. "ऐकलंत साहेब? दोन-दोन! दाटी झाली, बोंडं कशी धरतील?"

मला राहवलं नाही. मी उठलो आणि म्हणालो की चार एकराला चार बॅगा, म्हणजे एकरी एक, म्हणजे दाण्यांची सरासरी काढली असता... साहेबांनी मला बसायला सांगितलं. मी बसलो. जेवणाच्या डब्यांतला एक मांडीवरून घसरला आणि काझी सरांच्या डब्यातली आमटी माझ्या पायावर आली. त्या सुनावणीतला माझा सहभाग एवढाच.

"कवितेत एक, बाई म्हणतात दोन," साहेब म्हणाले. "काय धरायचं, सर?"

"बाईंचं धरा," काझी सर म्हणाले. "लावणाऱ्याचं धरायचं. मास्तर मागं होते, त्यांना पुढचं नीट दिसलं नसेल." आणि मग कंपनीच्या माणसाकडे वळून: "पण त्यांनी तारीख टाकली आहे, बघा. पेरलं त्या दिवसाची. बिलाची तारीख आदल्या दिवसाची आहे. फेरफार करणारा माणूस नवऱ्याकडून कविता लिहून घेत नाही हो."

साहेब हसले. त्यांनी पुठ्ठे पुन्हा उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, पुरावा ग्राह्य, लिखाण मागच्या बाजूला आहे, नंबराला धक्का नाही. दाटीचा मुद्दा शेत पाहणाऱ्यांनी आधीच निकालात काढला होता. "फक्त मूळ खोकी फाइलला जमा करावी लागतील."

काझी सरांनी पुठ्ठे तोवर पेटीत परत ठेवले होते आणि त्यांचे हात पेटीवर होते. ते त्यांनी काढले नाहीत.

"परत कधी मिळतील?" त्यांनी विचारलं.

"प्रकरण जिल्ह्याला जाईल. पुढं कंपनी अपील करेल. सांगता येत नाही. कधीकधी मिळतही नाहीत."

इंदूबाई जवळ आल्या. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "राहू द्या सर. न्या तुमचे कागद. तुमचा जीव हाये त्यात. मी पाहीन काहीतरी."

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी एकेक पुठ्ठा उचलला, फुंकर मारली आणि टेबलावर ठेवला, बोंडाची बाजू वर करून. चौथा ठेवताना थांबले. मग तोही ठेवला. "एक अट आहे," ते साहेबांना म्हणाले. "पंचनाम्यात वस्तूचं पूर्ण वर्णन असतं ना? दोन्ही बाजूंचं?"

"असतं."

"मग मागची बाजूही पूर्ण लिहून घ्या."

लिपिकानं चारही कविता पंचनाम्यात उतरवल्या. सर मागे उभं राहून सांगत होते. दुसऱ्या कवितेत फवारणीच्या पंपाशी भांडण होतं, तिसरीत बैलाचं आजारपण, चौथी फार लहान होती. मध्येच लिपिकानं विचारलं, "दोन कडव्यांमध्ये जागा सोडायची का, सर?"

"सोडा. शासनाचा कागद आहे, कमी पडणार नाही."

कार्यालय बंद व्हायची वेळ झाली तरी कोणी उठलं नाही. कंपनीचा माणूस तेवढा गेला होता. सरांनी पेटीला कुलूप लावलं, रिकामीच, आणि ती बसमध्ये मांडीवर घेऊन आले. मी पाय धुतला होता. मी त्यांना म्हणालो, "सर, तुमची आमटी गेली." ते म्हणाले, "हिशेबनीस, आज मला आमटीचं काही सांगू नका."

दुसऱ्या दिवशी दारावरची सूचना तशीच होती. ती त्यांनी बदलली नाही. पण त्यानंतर निदान माझ्या हातांकडे ते थोडं कमी बघू लागले. नंतरच्या मे महिन्यात ते निवृत्त झाले आणि देऊळगाव राजाला परत गेले. निरोपाच्या भाषणात प्राचार्यांनी त्यांना शिस्तप्रिय म्हटलं. सरांनी उत्तरात एवढंच सांगितलं की नळाचा वॉशर बदलायला झाला आहे.

इंदूबाईंचं प्रकरण अपिलात गेलं, परत आलं, आणि दीड वर्षानंतर निकाल लागला. मधल्या साली त्यांनी कानातलं मोडून तूर आणि सोयाबीन लावलं, पण वावर दिराला दिलं नाही. पुठ्ठे परत मिळाले नाहीत. फाइल जिल्ह्याला गेली होती, तिथं ती कोणत्या गठ्ठ्यात आहे हे कोणालाच सांगता येईना. पंचनाम्याची एक प्रत तेवढी तालुक्याला राहिली होती.

मी काझी सरांना शेवटचं पाहिलं ते त्याच तालुका कार्यालयात. ठिबक सिंचनाच्या अनुदानाच्या अर्जात माझ्या तीन एकरांचे दोन पूर्णांक नव्वद झाले होते, त्यावर हरकत घ्यायला मी गेलो होतो. नकला देण्याच्या खिडकीबाहेर बाकावर सर बसले होते, आधीपेक्षा बारीक, शर्टाच्या बाह्या बटण लावलेल्या. शेजारी इंदूबाई. त्या चेक घ्यायला आल्या होत्या, आणि सर पंचनाम्याची नक्कल घ्यायला देऊळगाव राजाहून दोन बस बदलून. दोघांनी ठरवून तो दिवस निवडला होता की योगायोग, हे मी विचारलं नाही.

सरांच्या हातात शासनाचा जाड कागद होता, प्रत्येक पानावर गोल शिक्का आणि 'सत्यप्रत' असं लिहिलेलं. ते वाचून दाखवत होते. इंदूबाई ऐकत होत्या आणि मधूनमधून सांगत होत्या, "थांबा, हे पुन्हा." सर पुन्हा वाचत होते. मला पाहून त्यांनी नुसती मान हलवली, वाचणं थांबवलं नाही. माझ्या हरकतीचा नंबर पुकारला गेला म्हणून मी आत गेलो. बाहेर आलो तेव्हा बाक रिकामा होता आणि बस लागलेली होती. खिडकीतून इंदूबाई दिसल्या, पलीकडच्या सीटवर सर. कागद अजून उघडाच होता.

पुढच्या वर्षी सर गेले. नक्कल त्यांनी आधीच टपालानं कॉलेजला पाठवली होती. ती आता त्या खणात आहे, मलमलमध्ये.

प्रकरणात शेवटी दिले गेले ते असे. बियाण्याची किंमत आणि नुकसानीपोटी मिळून अठरा हजार चारशे रुपये, चेकनं, इंदूबाईंना. पंचनाम्याच्या नकलेची फी सोळा रुपये, रोख, शासनाला, काझी सरांच्या खिशातून.